टाके

पेलिकनच्या चोचीखालची झोळी कुणाच्या तरी गळात अडकून फाटली होती. धरलेला मासा त्या फटीतून खाली पडायचा. उपासानं खंगलेला तो पक्षी गजराबाईच्या होडीला येऊन टेकला.

"मरू द्या, वहिनी! आपल्याच जाळ्यातले मासे पळवतो लेकाचा," दीर म्हणाला.

"फाटलं म्हणून जाळं फेकून देता का, भाऊजी? व्हा बाजूला!" तिनं पक्ष्याला काखेत दाबलं आणि चोचीचे फटके खात उकळलेल्या सुईनं झोळीला टाके घातले.

आठवड्यानं त्याच पक्ष्यानं तिच्या जाळ्यातली मोठी चिलापी उचलली. दीरानं वल्हं उगारलं. तिनं ते हिसकावलं.

"थांबा! मासा खाली पडतोय का बघू."

पक्ष्यानं मान वर केली. चिलापी थेट पोटात गेली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "माझा टाका उसवत नसतो."