पडद्यावरची तलवार

“ही सेनापतींची तलवार. हिने आयुष्यात एकही शत्रू पाहिला नाही. कलिंगडं मात्र पुष्कळ कापली.”

पडद्यातून भारदस्त आवाज घुमला आणि संग्रहालयाच्या दालनात हशा पिकला. संचालकांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“हे तुमच्या प्रोग्रॅमचे प्रताप!” ते संगणकवालीवर घसरले.

“साहेब, प्रोग्रॅमला अक्कल नसते. शेजारच्या फाइलीत लिहिलेलं असतं ते तो वाचतो, तिथे नाव असेल ते चित्र दाखवतो. बस्स.”

ही वेगळी फाइल तिचीच करामत. संचालकांना दिवसातून दहा वेळा शब्द बदलायची खोड होती आणि दर वेळी तिला सगळा प्रोग्रॅम उसवावा लागे. वैतागून तिने मजकूर आणि चित्रांची नावं एका साध्या फाइलीत बाहेर काढून ठेवली. आता कुणालाही बदल करता येत होता. हे ‘कुणालाही’च तिच्या अंगाशी आलं होतं.

सोमवारी सिंहासन बोललं, “एक पाय आखूड. राजे भीतीने शेजारच्या स्टुलावर बसत.” मंगळवारी रांग फाटकाबाहेर गेली. पोरं आईबापांना ओढून आणू लागली. संचालकांचा पारा आणखी चढला.

“हा पहारेकऱ्याचाच चावटपणा. दिवसभर पडद्यापाशी उभा असतो, थट्टेखोर तर आहेच. शुक्रवारी त्याला घरी बसवतो.”

पहारेकरी रडकुंडीला आला. “ताई, लेकीचा मेसेज वाचायला मला शेजाऱ्याकडे जावं लागतं. मी कसली फाइल उघडतोय!”

तिला ते पटलं. तिने गुपचूप सोय केली. फाइल कधी आणि कुठल्या संगणकावरून बदलली, याची आपोआप नोंद होऊ लागली. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत नोंद झाली आणि ती चक्रावली. संगणक आप्पांचा होता.

आप्पा म्हणजे संग्रहपाल. चाळीस वर्षांची नोकरी, गळ्यापर्यंत बटणं, हसणं वर्ज्य. इथली प्रत्येक माहितीपाटी त्यांनीच लिहिलेली. त्यांच्या खोलीत कुणीतरी चोरून शिरतंय, हे सांगायला ती धावली.

आप्पा एका बोटाने टाइप करत होते.

“बरं झालं आलात. ‘आखूड’मधला ‘खू’ दीर्घच ना?”

“आप्पा, तुम्ही? निवृत्तीला आठ दिवस उरलेत आणि हा पोरखेळ? तिकडे बिचाऱ्या पहारेकऱ्याची नोकरी जातेय!”

आप्पांचे कान लाल झाले. “त्याची? मला कुणी बोललंच नाही.” ते ताडकन उठले आणि तिला घेऊन थेट संचालकांपुढे उभे राहिले. “साहेब, त्याला सोडा. फाइल मी बदलली.”

संचालकांनी आ वासला. मग ते समजुतीने म्हणाले, “झालं ते झालं, आप्पा. कुठे बोलणार नाही. पण तुमचा जुना मजकूर आजच्या आज परत लावा. सेनापतींच्या सतरा लढाया, राजांचा दरबार, सगळं. गावातली पोरं तोच इतिहास पाठ करून मोठी झालीत.”

आप्पांनी गळ्याचं बटण सैल केलं.

“तो मी रचलेला, साहेब. संग्रहालयाच्या जुन्या नोंदवह्या उघडून पाहिल्या त्या गेल्या महिन्यात, पहिल्यांदाच. कलिंगडं तिथेच सापडली.”