एकच जोड

शेवटच्या डावात कॅचरचा अंगठा सुजला, तशी इंगोलेसरांनी उल्काला हाक मारली. उल्का सॉफ्टबॉल संघाची डीपी, म्हणजे डेझिग्नेटेड प्लेअर. पिचर रजियाच्या वाटची बॅटिंग करायची आणि फिल्डिंगच्या वेळी बाकावर बसायचं, एवढंच तिचं काम. पण डीपीला दुसऱ्या कुणाच्याही जागी फिल्डिंगला उतरवता येतं, हा नियम सरांना तोंडपाठ होता.

“चल, मास्क चढव.”

उल्काने बाकाखाली पाय आणखी आत ओढले. “सर, बूट रजियाच्या पायात आहेत ना.”

दोघींत एकच जोड होता. ‘आम्हाला ह्याच जागा द्या,’ म्हणून दोघी वर्षभर का हटून बसल्या होत्या, हे सरांना आत्ता कळलं.

“एक नंबर मोठे होतील गं,” म्हणत कॅचर एका हाताने आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.