पाहुण्यांच्या सपाता

देसांकाचा कुत्रा झुचा मरून नऊ दिवस झाले होते. त्याच्या विकतच्या खाण्यात विष सापडल्याची बातमी ऐकताच देसांकानं उरलेली पिशवी संतापून चुलीत घातली. आता नमुना न्यायला नोव्ही साद शहरातून आलेल्या तपासनीस पोरीला काय देणार? “असू दे, आजी,” म्हणत पोरीनं दाराशी बूट काढले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांत पाय घातला आणि दचकलीच. आतून खाण्याचे दहा-बारा दाणे निघाले. “अहो, तुमचा कुत्रा तर खाणं लपवून ठेवायचा!” पोरगी म्हणाली. “लबाड कुठला!” देसांकाला हसू आलं, डोळेही भरले. “मला वाटायचं, वाडगा चाटूनपुसून संपवतो, तरी वाळतोय कसा?” “मग विष पोटात गेलं कसं?” पोरीनं विचारलं. देसांकानं तळहात पुढे केला, अजून कुणी चाटेल असा. “म्हणून मीच हातावर घेऊन भरवायला लागले गं. माझ्या हातचा मात्र एकही दाणा त्यानं कधी लपवला नाही.”