घरचा शब्द

गोळी लागून गेली होती, तरी प्रितम पडत नव्हता.

महाडचं सभागृह भरलं होतं. मुंबईच्या नाटक मंडळीचा इटालियन ऑपेरा चालला होता, म्हणजे सगळं नाटक गाण्यातच. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण दुष्ट कोतवाल ओळखायला प्रितमच्या गावाहून, कापड्याहून आलेल्या बायकांना भाषा लागली नाही. कोतवाल झालेला प्रितम गाऊ लागला की आवाज जमिनीखालून आल्यासारखा वाटे. तो नुसता हसला तरी पुढची पोरं आयांना बिलगत. नायिकेच्या भावाला त्याने फासावर दिलं, तेव्हा शेजारच्या येसूबाईने कडाकडा बोटं मोडली. शेवटी नायिकेने पिस्तूल झाडलं. आता त्याने कोसळायचं होतं.

तो छातीवर हात दाबून उभाच राहिला. पियानोवाल्याने शेवटची ओळ पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा.

तो कशासाठी थांबलाय हे फक्त त्याच्या आईला, तुळजाबाईला ठाऊक होतं.

कापड्यात दरसाल रामायणाची सोंगं होतात, त्या खेळ्यांत रामाचा बाण लागला तरी रावण लगेच पडत नाही. त्याच्या घरच्या बाईने लोकांतून उठून त्याला तळतळाट द्यायचा, मगच त्याने पडायचं. त्याला घरचा शब्द म्हणतात. शब्द जितका कडक, तितकं रावणाचं सोंग खरं. प्रितमचे वडील भिकाजी दरसाल रावण होत आणि तुळजाबाई शब्द देई. शेवटच्या साली तिने शब्द दिला, ते पडले, आणि मानाचा नारळ द्यायला पंच आले तरी उठले नाहीत.

तेव्हापासून तिने नेम धरला. सकाळी देवापुढे दिवा लावायचा आणि मागायचं, आज माझ्या तोंडून कुणाला वाईट निघू देऊ नकोस. दूध सांडणाऱ्या मांजरीलाही ती बाई म्हणायची. आज निघताना प्रितमने सांगितलं होतं की, तुझा शब्द आल्याशिवाय मी पडणार नाय. त्या शब्दाने नवरा गेला, पोरगा तरी राहू दे, एवढंच ती म्हणाली होती.

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. नायिका पिस्तूल धरून तशीच ताटकळली. विंगेतून मंडळीचे मालक हात वर-खाली करत होते. एवढी मोठी भूमिका प्रितमला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि हा प्रयोग फसला तर पुन्हा मिळणार नव्हती.

"पोराचं हसं होतंय गो," येसूबाई कानाशी म्हणाली. "दे की शब्द."

तुळजाबाईने पदर तोंडात धरला. समोर प्रितमचा गुडघा वाकला. तो पुन्हा सरळ झाला. कपाळावर घाम होता, डोळे तिच्यावर होते. ती मात्र त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. छातीवरच्या हाताकडे बघत होती. बघता बघता तिच्या तोंडातला पदर सुटला.

ती उभी राहिली.

"मुडदा बशिवला तुझा, राक्षसा. पड खाली."

प्रितम असा कोसळला की फळ्या दणाणल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि पडदा दुसऱ्यांदा उघडला तेव्हा मेलेला कोतवाल हात जोडून उभा होता.

तोंडावरचा रंग न पुसताच तो खाली आला. तिच्या पायांवर डोकं ठेवून हळूच म्हणाला, "आई, माझ्यापायी तुझा नेम मोडला."

तिने त्याला उठवलं. त्याचा हात धरून पुन्हा त्याच्याच छातीवर ठेवला, गोळी लागली होती तिथे.

"रावणाला बाण बेंबीत लागतो रे," ती म्हणाली. "तुझ्या बापाने त्या दिवशी छाती धरली होती. मी तोंड उघडायच्या आधीच."