मगरीखालची कावेरी

भवानीच्या कोलूतली कावेरी आपल्या स्कार्फची केलेली आहे, हे अंबाबाईंनी चपला काढता काढताच ओळखलं.

नवरात्रात भवानी कोलू मांडायची, म्हणजे नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची आणि पायऱ्यांखाली, जमिनीवर, एक अख्खं गाव वसवायची. यंदा तिथं वाळू होती, उगवलेल्या मोहरीचं भातशेत होतं आणि त्यातून एक निळा स्कार्फ वाहत होता. काठाला चंदेरी कैऱ्या. नुसता निळा असता तर अंबाबाईंनी संशयाचा फायदा दिला असता. आजवर त्यांनी तो कुणाला दिला नव्हता ही गोष्ट वेगळी. पण कावेरीला कैऱ्या नसतात.

त्या चटईवर बसल्या. सून हरिता दोन हात अंतर सोडून बसली. पोंगलला, संक्रांतीच्या दिवशी, हा स्कार्फ खुंटीवरून नाहीसा झाला, तेव्हा "पापनाशमला आईकडे पोचवलास ना गे," असं अंबाबाई तिला म्हणाल्या होत्या. तिची आई समोर बसलेली असताना. तेव्हापासून हरिता सासूशी 'पान वाढलंय' एवढंच बोलत होती, आणि दसरा झाला की नवऱ्यासकट वल्लम रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात जाणार होती. टेंपो सांगून झाला होता.

स्कार्फ खरंच हा असेल, तर तो पापनाशमला गेला नव्हता. म्हणजे हरितानं तो भवानीला दिला होता. एवढा तपास अंबाबाईंनी बसल्या बसल्या पुरा केला.

खूण एकच होती. त्यांच्याच इस्त्रीनं पडलेलं, रुपयाएवढं भोक. नदीला भोक कुठं दिसत नव्हतं. मात्र नदी जिथं उंचावरून खाली येत होती, त्या चढावर एक मातीची मगर बसवली होती. कुठलीही शहाणी मगर चढावर बसत नाही.

"नदी कुठून आणलीस गे?"

"घरातलीच, अंबाक्का. मी काही टाकत नाही. हे बघा, चेट्टियारच्या दुकानाचं छत. आमचा मुरली मोटारसायकलवर बांधायचा तो बंडाना."

मातीचा चेट्टियार वाणी आणि त्याची बायको डाळतांदूळ मांडून बसली होती. डोक्यावर काळं कापड, त्यावर पांढऱ्या कवट्या.

"कवट्या आहेत गे."

"देवीचं नवरात्र आहे. चालतात."

हत्तीच्या पाठीवर तपकिरी मफलर होता. समोरच्या वेंकटरावांचा मफलर मार्गळीच्या थंडीपासून सापडत नव्हता. अंबाबाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

"आता एक पद म्हणा," भवानी म्हणाली. कोलू बघायला आलेल्या बाईनं गायचं असतं, त्यातून सुटका नाही. अंबाबाईंनी देवीचं पद धरलं. ध्रुपदाला त्या चटईच्या कडेला आल्या. पहिल्या कडव्याला भातशेतात. दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात मगरीच्या शेपटीवर होता.

"हात नको, अंबाक्का. मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही."

"हिचं तोंड भिंतीकडे झालंय."

"तिचं ती बघेल. गा तुम्ही, मी हरभऱ्याचं सुंडल आणते."

भवानी आत गेली. गाणं थांबलं असतं तर तिला कळलं असतं, म्हणून अंबाबाई एकाच ओळीवर घोटाळत राहिल्या आणि गाता गाता त्यांनी मगर उचलली.

खाली भोक होतं. भोकातून स्टील चमकत होतं. नदीला उतार हवा म्हणून भवानीनं खाली डबा ठेवला होता. त्याच्या झाकणावर, ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेली तमिळ अक्षरं बरोबर भोकात आली होती. अंबा.

गाणं थांबलं.

पोंगलच्या सकाळी गोड पोंगलचा डबा हाताला चटके देत होता. खुंटीवरचं जे हाती लागलं त्यात बांधून त्या स्वतःच तो इथं देऊन गेल्या होत्या.

हरिता वाकून बघत होती. तमिळ तिलाही वाचता येत होतं.

भवानी सुंडल घेऊन आली, दारातून आणखी पाच बायका आल्या, आणि मगर अंबाबाईंच्या पदराखाली गेली. तशीच ती सुंडल खाताना राहिली, हळदीकुंकू लावताना राहिली, आणि फाटकाबाहेर आली.

रस्त्यावर हरितानं चपला घातल्या. मग हात पुढे केला.

"द्या ती मगर. मी ठेवून येते. मीच नेली म्हणून सांगते. सवय आहे."

पोंगलपासूनचं तिचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

बेत चांगला होता. गल्लीत कुणालाही पटला असता. पण अंबाबाई वळल्या आणि मगर घेऊन स्वतःच पुन्हा आत गेल्या.

आत भवानी नदीपाशी उकिडवी बसली होती आणि पाची बायका भोकात बघत होत्या. अंबाबाईंनी पदराखालून मगर काढली.

"ही मी नेली. स्कार्फही मीच आणून दिला होता, पोंगलला. हिनं काही नेलं नाही."

पाची बायकांनी मगरीकडे पाहिलं.

"हिनं म्हणजे कुणी?" भवानीनं विचारलं.

"माझ्या सुनेनं."

कुणालाच काही कळलं नाही. भवानीनं मगर घेतली, तिचं तोंड होतं तसं भिंतीकडे करून तिला भोकावर बसवलं, आणि म्हणाली, "पुन्हा आलात, तर पुन्हा गायला लागेल."

अंबाबाई चटईवर बसल्या. त्यांना सूर लागेना. दारात हरितानं पायातल्या चपला परत काढल्या.