फट किती ठेवायची

"मग आता फट किती ठेवू?" पद्मिनीने ट्रकखालून तिसऱ्यांदा विचारलं.

लहूकाका घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासच्या झाकणातला चहा फुंकत होते. "तुला काय वाटतं?" त्यांनीही तिसऱ्यांदा विचारलं.

पद्मिनीने पाना छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. काउंटी फेअरला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेला, सहा दिवस उरले होते. तिथल्या ट्रक ओढण्याच्या स्पर्धेत गेल्या वर्षी तिचा पिकअप शेवटून पहिला आला होता. या स्पर्धेत ट्रकमागे जो गाडा जोडतात तो मोठा लबाड असतो. जसजसा ओढावा तसतसं त्यातलं वजन पुढे सरकतं आणि गाडा आणखी जड होत जातो. शंभर फुटांवरच तिच्या ट्रकने मागे बसकण मारली, नाक आभाळाकडे केलं आणि सगळं मैदान हसलं. घरी येऊन तिने रागाच्या भरात आईला शब्द देऊन टाकला, की पुढच्या वर्षी पुरे तीनशे फूट गेला नाही तर ट्रक विकेन. तेव्हापासून तिची आई, भावनाताई, जेवणाच्या टेबलावर छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांची माहितीपत्रकं मांडून ठेवत होत्या.

उपाय काय ते पद्मिनीला ठाऊक होतं. मागची चाकं जोडणाऱ्या ॲक्सलच्या वर, चासीला म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी एकेक लोखंडी ठोकळा बसवायचा. ट्रक खाली बसू लागला की ॲक्सल ठोकळ्याला टेकतो आणि बसणं तिथेच थांबतं. घोडं अडलं होतं ते मधल्या फटीवर; ती बोल्ट फिरवून कमी-जास्त करता यायची. फट जास्त ठेवली तर ट्रक पुन्हा बसणार. अजिबात नाही ठेवली तर चाकं चेंडूसारखी उडणार.

म्हणून तर तिने काकांना गाठलं होतं. ॲन आर्बर शहरातल्या मराठी मंडळींच्या बुद्धजयंतीच्या जेवणात कोणीतरी म्हणालं, लहूकाका तीस वर्षं ट्रकच्या कंपनीत होते. पद्मिनी हातातली ताटली तशीच घेऊन त्यांच्याकडे गेली. काका म्हणाले, बघू या, रविवारी येतो.

ते आले, पुढचे सगळे रविवारही आले, आणि या आठवड्यात तर रोज येत होते. पण उत्तर म्हणून एक दिलं नाही. याला काय म्हणतात, हे इथे कशाला, हे काढून टाकलं तर काय होईल, असं विचारत राहायचे. विहारात लहान मुलांचा वर्ग ते असाच घेत. पद्मिनीला वाटलं, काका परीक्षा घेताहेत. काकांनी चहा फुंकला की आपलं चुकलं आणि घोट घेतला की बरोबर, असंही तिने ताडून पाहिलं. ते काही जुळलं नाही. चहा गरम असला की काका फुंकत होते, एवढंच.

एकदा त्यांनी विचारलं, दोन्हीकडे फट सारखीच का? काय हा प्रश्न, असं तिला वाटलं. तरी तिने ट्रकला सिमेंटचे ठोकळे भरलेली घसरगाडी बांधली, शेतात ओढली आणि मागे फोन लावून व्हिडिओ काढला. जोर लागला की ट्रक उजवीकडे जास्त दबत होता. तिने उजवी फट कमी केली. त्या दिवशी ट्रक पहिल्यांदा सरळ गेला.

"व्वा," काका म्हणाले. त्यांना इतका आनंद का झाला, ते तिला कळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी भलतंच ऊन पडलं. सकाळी भिजवलेली माती विटेसारखी कडक झाली. तिची पाळी यायला चार ट्रक बाकी होते. ती धावत प्रेक्षकांत गेली. तिथे काका बायकोच्या, कमलाकाकूंच्या, डब्यातला चिवडा खात होते.

"काका, धिस इज नॉट अ क्लास. आज तरी सांगा. प्लीज."

"जमीन कडक झाली," काका म्हणाले. "मग काय होईल?"

"चाकं उडतील."

"उडू नयेत म्हणून?"

पद्मिनी वळली, धावत जाऊन ट्रकखाली शिरली आणि दोन्हीकडचे बोल्ट अर्धा अर्धा फेरा सैल करून फट जराशी वाढवली. जमीन हलत नाही, तर ट्रकला थोडं हलू द्यायचं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिची पाळी आली तेव्हा ट्रक थोडासा बसला, ठोकळ्यांवर टेकला आणि निघाला. शंभर फूट गेले, दोनशे गेले. नाक खालीच होतं. तीनशेची रेघ ओलांडून तो थांबला तेव्हा प्रेक्षकांतल्या भावनाताईंनी पर्समधलं माहितीपत्रक काढलं आणि त्याने वारा घेऊ लागल्या.

पद्मिनीने काकांना हाताला धरून मैदानात आणलं. माइकवाल्याला तिने अभिमानाने सांगितलं, की हे माझे काका, तीस वर्षं ट्रकचे इंजिनिअर होते. टाळ्या पडल्या. काठावर उभ्या कमलाकाकू तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

टाळ्या थांबल्यावर काका तिच्या कानाशी वाकले. "बाळ, इंजिनिअर कोण म्हणालं तुला?"

"तुम्ही ट्रकच्या कंपनीत होता ना?"

"होतो की. तू कधी विचारलं नाहीस, काय करत होतो ते. मी जे जे विचारत होतो, ते मला खरंच माहीत नव्हतं गं."

काकांनी तिच्या ट्रकचं दार उघडलं, आत वाकून सीटवरून मायेने हात फिरवला आणि म्हणाले, "सीटच्या कापडाचा हा करडा रंग मात्र कंपनीत मी निवडलेला."