शुक्रवारचा केक

“रंगात अजून ठेव,” तोर्गेर म्हणाला आणि मायक्रोस्कोपसमोरून उठला.

सुन्निवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून म्हणजे किती? माशाची ही एवढीशी पिल्लं. त्यांच्या अंगात जनुक जिथे जागं असेल तिथे आधी घातलेली खूण चिकटते, आणि रंगात टाकल्यावर तेवढीच जागा निळी होते. मेंदू केव्हाच निळा झाला होता. डोळा कोरा होता, कारण तिथे ते जनुक जागं नव्हतंच. वेळेवर बाहेर काढलं नाही तर काय, सगळंच निळं होतं. म्हणून सोबत एक डिश बिनखुणेची ठेवायची. ती पांढरी राहिली तरच रंग खरा मानायचा. पहिल्या वर्षी हे तिला शिकवलं कोणी? याच महाशयांनी.

पण आता प्रोफेसर तोर्गेरना डोळा निळा हवा होता. हे जनुक डोळ्यातही जागं असतं, असं तो पुढच्या महिन्यात कोपनहेगनच्या परिषदेत छातीठोकपणे सांगणार होता. डोळा निळा दिसत नाही तोवर सुन्निवाच्या प्रबंधावर सही नाही. तिचं चार वर्षांचं काम त्या एका सहीपाशी अडून बसलं होतं.

वर तो केक. बेर्गनच्या त्या प्रयोगशाळेत ज्याच्या हातून प्रयोग बिघडेल त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी केक भाजून आणायचा. डोळा निळा होत नाही म्हणून तोर्गेरने तिला लागोपाठ तीन शुक्रवार केक आणायला लावला. स्वतः दोन-दोन तुकडे हाणायचा आणि चारचौघांत म्हणायचा, केक मात्र झकास जमतो हिला. अस्सा राग यायचा तिला. तोच केक त्याच्या तोंडावर थापावा असं वाटायचं.

“अजून म्हणजे उद्यापर्यंत?” तिने विचारलं.

“डोळा निळा होईपर्यंत.”

तिने सगळ्या डिशा रंगात ठेवल्या, झाकल्या आणि घरी गेली.

सकाळी तिने एक डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली. तोर्गेर वाकला आणि बघतच राहिला. मग त्याने सगळ्यांना हाका मारल्या. हा बघा मेंदू, हा बघा डोळा, आणि कडेची ही पट्टी बघा किती स्वच्छ दिसतेय. कोपनहेगनला हाच फोटो दाखवायचा. मी सांगत नव्हतो का, असं म्हणत त्याने सुन्निवाच्या खांद्यावर हात ठेवला. सही आजच करून टाकू म्हणाला.

ती सही. गप्प बसलं की झालं, संध्याकाळपर्यंत ती मोकळी होती. कोणाला कळणारही नव्हतं.

तिने त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला.

“या डिशमध्ये मी खूण घातलेलीच नाही, तोर्गेर,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “या शुक्रवारी केक तू आणायचास.”